१५०४ फेऱ्यांचा मैल

पुण्याच्या जुन्या बाजारात तो डायल मला सातशे रुपयांना मिळाला. विकणारा म्हणाला, "मॉरिसचा आहे, ताई." असेलही. काळा गोल चेहरा, शून्यापासून ऐंशीपर्यंत आकडे, मधे 'स्मिथ्स' हे नाव, त्याखाली 'एम.पी.एच.' आणि एका छोट्या खिडकीत थांबलेला ३८,२१४ हा आकडा. कुठलीशी गाडी अडतीस हजार दोनशे चौदा मैल चालली आणि मग कुणीतरी हा डायल तिच्यातून उचकटून काढला, एवढीच तिची गोष्ट मला कळली.

तळाशी, काटा जिथे पोचत नाही तिथे, मुंगीएवढ्या टायपात एक कोड आणि त्यापुढे आणखी एक आकडा होता : १५०४. बाजारात मला वाटलं, मॉडेल नंबर असेल. घरी येऊन जरा शोधाशोध केल्यावर कळलं की तो आकडा म्हणजे या डायलची मातृभाषा आहे. मागून येणारी केबल १५०४ वेळा फिरली की हा डायल 'एक मैल झाला' असं म्हणतो. १५०३ला नाही, १५०५ला नाही. ज्या गाडीसाठी तो बनवला, तिचं चाक, तिचे गिअर, तिचा मागचा अ‍ॅक्सल हे सगळं त्या चार अंकांत कोंबलेलं होतं. म्हणजे गाडी भंगारात गेली तरी तिचं माप डायलच्या पोटात शिल्लक होतं.

आणि मला तो डायल लावायचा होता आमच्या जीपला.

*

आमची जीप म्हणजे वरातीत गोळा केलेल्या पाहुण्यांसारखी आहे. चासी आणि कागदपत्रं एका जुन्या महिंद्राची, बॉडीचा निम्मा पत्रा दुसऱ्या जीपचा, टायर मूळच्यापेक्षा थोराड. कोल्हापुरात उद्यमनगर असल्यामुळे अशा गाड्या जन्माला येतात. तिथे गल्लीगल्लीत लेथ आहेत, आणि 'असा पार्ट मिळत नाही' हे वाक्य तिथे कुणी मनावर घेत नाही. (उत्पादकाने नोंदवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये बजावल्यापासून मॉडिफायवाले जरा हळू आवाजात बोलतात, ते वेगळं. आमच्या जीपची कागदपत्रं आणि चासी एकमेकांना ओळखतात, एवढंच सांगते.)

आधीच्या मालकाने तिला मोटरसायकलचा डिजिटल मीटर लावला होता. तो कधी १९९ दाखवायचा, कधी काहीच नाही. महिंद्राचा नवा मीटर बाजारात मिळतो, माझ्या डायलवर झालेल्या खर्चाहून स्वस्तात मिळतो, हेही कबूल करते. पण आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काट्याचा मीटर हवा होता. गोल, मोठा, चालू.

'चालू' या शब्दावरचा त्यांचा जोर मला तेव्हा कळला नाही. आण्णांनी एकोणीस वर्षं वडाप चालवलं. पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकांसाठी : वडाप म्हणजे शेअर जीप, जिच्यात बसायच्या जागा नऊ आणि बसलेली माणसं सोळा असतात, आणि माणसांना तिथे 'शीट' म्हणतात. त्या सगळ्या वर्षांत मी त्यांच्या शेजारी बसून कितीदा गेले असेन. समोरचा काटा कायम शून्यावर पडलेला असायचा. लहानपणी मला वाटायचं, वडापच्या मीटरचा काटा तसाच असतो.

*

चाकाच्या फेऱ्या मोजून अंतर काढायची युक्ती दोन हजार वर्षं जुनी आहे. इसवीसनापूर्वी पहिल्या शतकात व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन स्थापत्यकाराने असं यंत्र लिहून ठेवलं. गाडीचं चाक एका फेरीत साडेबारा रोमन फूट जातं. चाकाच्या तुंब्याला एक दात बसवायचा. तो दर फेरीला चारशे दात्यांच्या चकतीचा एक दात पुढे ढकलणार. चारशे फेऱ्या झाल्या की पाच हजार फूट, म्हणजे एक रोमन मैल. तेवढ्यात वरच्या चकतीतल्या भोकातून एक गोटी खाली पितळी भांड्यात टण्णकन पडणार. संध्याकाळी गोट्या मोजायच्या.

यात सगळा कारभार ४०० या आकड्यावर आहे. चाक मोठं बसवलंत तर गोटी पडेल, आवाजही तोच येईल, पण मैल खोटा होईल. गोटीला ते कळणार नाही.

अंतर असं दातांवर मोजता येतं, वेग मात्र येत नाही. वेगाला वेळ लागतो, आणि धावत्या गाडीत हिशेब करायला कुणाला सवड आहे? त्यावरचं उत्तर दिसायला अगदी साधं आणि आत जादूचं आहे. १८२४च्या सुमारास फ्रान्सच्या फ्रांस्वा आरागोला दिसलं की तांब्याची चकती फिरवली की तिच्यावर अधांतरी टांगलेली चुंबकसुई तिच्यामागे ओढली जाते. तांबं लोहचुंबकाला चिकटत नाही, मधे स्पर्शही नाही, तरी ओढ आहे. पुढे फॅरेडेने त्याचं कारण सांगितलं : हलत्या चुंबकामुळे धातूत विजेचे भोवरे उठतात आणि ते चुंबकाशी झटापट करतात. चुंबक जितका जोरात फिरेल तितकी ओढ जास्त.

ऑक्टोबर १९०२मध्ये ऑटो श्युल्त्से या स्ट्रासबुर्गच्या (ते शहर तेव्हा जर्मनीत होतं) माणसाने बर्लिनच्या पेटंट कचेरीत याच ओढीवर चालणारा वेगमापक नोंदवला. केबल चुंबकाला फिरवते. चुंबकाभोवती हलक्या धातूची वाटी असते, तिला काटा जोडलेला. वाटी चुंबकामागे फिरू बघते, पण केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग यांचं जिथे जमतं तिथे काटा थांबतो. बस. तुमच्या घरी जुनी लुना, बजाज, अ‍ॅम्बेसेडर किंवा मारुती ८०० असेल तर तिच्या डायलमागे हीच झटापट चालू होती. शंभर वर्षं जवळजवळ जशीच्या तशी टिकलेली यंत्रं फार नाहीत.

या मापकाची गरज कुणाला होती, हे मला जास्त रंजक वाटतं. इंग्लंडमध्ये मोटारींची वेगमर्यादा १९०३च्या कायद्याने ताशी वीस मैलांवर आली. पोलीस झुडपामागे स्टॉपवॉच घेऊन बसत, ठरलेल्या दोन खुणांमधलं अंतर गाडीने किती सेकंदांत कापलं ते बघत आणि दंड लावत. पोलिसाकडे घड्याळ होतं, गाडीवाल्याकडे फक्त 'मी हळू चाललो होतो साहेब'. १९०५ साली तिथे मोटारवाल्यांची संघटना उभी राहिली तीच मुळात अशा सापळ्यांची आगाऊ खबर देण्यासाठी. अशा दिवसांत डॅशबोर्डवरचा काटा म्हणजे आपल्या बाजूचा साक्षीदार. १८५१पासून लंडनमध्ये घड्याळं विकणाऱ्या स्मिथ घराण्याने १९०४मध्ये राजा सातव्या एडवर्डच्या मर्सिडीजसाठी असा मापक पुरवला, आणि पुढची सत्तरेक वर्षं ब्रिटिश गाड्यांच्या काचेमागे बहुतेक वेळा हेच नाव राहिलं. माझा डायल त्याच घराण्यातला. घड्याळजींनीच हे काम उचललं, यात नवल नाही. आतली स्प्रिंग घड्याळातलीच बहीण आहे.

पण साक्षीदार म्हटला की त्याला फितवता येतो, हेही आलंच.

*

प्रत्येक गाडीचं चाक वेगळं, गिअर वेगळे. मग कारखान्यांनी दोन रस्ते काढले. अमेरिकेत बऱ्याच जणांनी ठरवलं की केबलने मैलाला एक हजार फेऱ्या घ्यायच्या, आणि गाडीच्या बाजूला छोटी दातेरी चाकं बदलून तो हजार जुळवायचा. ताशी साठ मैल म्हणजे मिनिटाला एक मैल, म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्या. हिशेब गोड. जपान्यांनी नंतर मोटारींसाठी किलोमीटरला ६३७ फेऱ्या असं प्रमाण केलं. ब्रिटिशांनी मात्र गाडीला तोशीस न देता डायलच गाडीप्रमाणे शिवून घेतला. म्हणून स्मिथ्सच्या डायलवर कुठे १०००, कुठे १२८०, कुठे १५०४. तयार कपडे आणि शिंप्याकडचे कपडे यांत जो फरक, तोच. शिंप्याकडचा शर्ट दुसऱ्याला होत नाही.

तरी हा शर्ट दुसऱ्याला चढवायची सोय स्मिथ्सनेच सांगून ठेवली होती. गाडीची केबल मैलाला किती फिरते हे काढायला त्यांचं एक सूत्र होतं, आणि त्याला गाडी चालूसुद्धा करावी लागत नाही. डायलच्या बाजूने केबल सोडा. आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण अडकवा. मागच्या चाकाला खडूची खूण करा. गाडी सरळ ढकला, चाक बरोबर सहा वेळा फिरू द्या, आणि बाण किती वेळा फिरला ते मोजा. त्या आकड्याला १६८०ने गुणा आणि चाकाच्या मध्यापासून जमिनीपर्यंतच्या इंचांनी भागा.

१६८० कुठून आले? मी आधी सूत्र वापरलं आणि रात्री पडल्या पडल्या ते सोडवलं. मैलात ६३,३६० इंच. सहा फेऱ्यांत चाक त्रिज्येच्या सुमारे ३७.७ पट जातं. ६३,३६०ला ३७.७ने भागा, १६८० येतात. शाळेत वर्तुळाचा परीघ शिकवताना मास्तरांनी हे सांगितलं असतं तर वर्गातली निम्मी पोरं जागी राहिली असती.

तर एका रविवारी मी जीपच्या आत पुठ्ठ्याच्या बाणाकडे डोळे लावून, आण्णा मागच्या चाकापाशी वाकून, आणि शेजारची दोन पोरं ढकलायला. सहा फेऱ्या. बाण साडेआठच्या थोडा पुढे, ८.६. मागच्या चाकाची त्रिज्या साडेचौदा इंच. उत्तर ९९६. म्हणजे आमची जीप मैलाला ९९६ फेऱ्या देते आणि डायलला हव्यात १५०४. नुसता जोडला असता तर गाडी साठने पळताना काटा चाळीसवर असता. असा मीटर लावून चलान भरणारे लोक मी पाहिलेत.

इलाज ठरलेला : मधे दातेरी चाकांची डबी बसवायची. १५०४ला ९९६ने भागलं की दीड येतं, जरासंच जास्त. दीड म्हणजे तीनास दोन. चोवीस दात्यांचं चाक सोळा दात्यांच्या चाकाला फिरवेल आणि चूक शेकडा एकाच्याही आत. मी उद्यमनगरातल्या गिअर कापणाऱ्याचा पत्ता काढून तयार होते.

आण्णा म्हणाले, "हे मैलात दाखवणार?"

"मैलांचाच डायल आहे ना."

"रस्त्यावरचे दगड कशाचे आहेत?"

*

हा प्रश्न देशालाही पडला होता. वजन-मापांचा कायदा १९५६चा. १ एप्रिल १९५७पासून नवे पैसे आले आणि सोळा आण्यांचा रुपया शंभर पैशांचा झाला. पुढच्या काही वर्षांत शेर, मण, वार, मैल एकेक करून सरकारी कागदांतून उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडांवर किलोमीटर चढले. ब्रिटिश घराण्यातल्या मोटारी मात्र मैलांतच मोजत आल्या होत्या. उत्तरपाड्याच्या हिंदुस्तान मोटर्समध्ये १९५४ला आलेली लँडमास्टर ही मॉरिस ऑक्सफर्डचीच भावंड, पुढची अ‍ॅम्बेसेडरही तीच. बाहेर दगड बदलले, आत डायल जुनेच, असे अनेक ड्रायव्हर काही वर्षं मनात आठ-पंचमांशाचा गुणाकार करत हिंडले असणार.

भाषेने तर बदल अजून पुरता मानलेलाच नाही. आपण आजही 'मैलाचा दगड' म्हणतो आणि त्यावर किलोमीटर वाचतो. रस्त्याची देखभाल करणाऱ्या सार्वजनिक बांधकाम खात्यातल्या कामगाराला महाराष्ट्रात 'मैलकुली' म्हणतात. माणसाच्या हुद्द्यात मैल अडकून राहिला.

आण्णांचं म्हणणं सोपं होतं. डायलवरचे आकडे तेच ठेवायचे, पण केबल इतकी जोरात फिरवायची की काटा किलोमीटर दाखवेल. म्हणजे १५०४ फेऱ्या मैलाला नाही, किलोमीटरला. आमची जीप किलोमीटरला ६१९ फेऱ्या देते. १५०४ भागिले ६१९, २.४३. चौतीस आणि चौदा दाते घेतले की २.४३ जवळजवळ तंतोतंत, तीनास दोनपेक्षाही बरं. शिवाय ही जीप ऐंशीच्या पुढे गेली तर दरवाजे मागे राहतील, म्हणजे शून्य ते ऐंशी ही पट्टी जणू तिच्यासाठीच आखलेली. तांत्रिकदृष्ट्या आण्णांचा पर्याय माझ्यापेक्षा सरस होता, आणि हे मान्य करायला मला दोन दिवस लागले.

अडचण एकच. काचेमागे 'एम.पी.एच.' लिहिलेलं राहणार. आणि खिडकीतला आकडा? ३८,२१४पर्यंत मैल आणि तिथून पुढे किलोमीटर. एकाच रांगेत दोन जातींची बेरीज. व्हिट्रुव्हियसच्या भांड्यात अर्ध्या गोट्या एका मापाच्या आणि अर्ध्या दुसऱ्या.

"मग आकडा शून्य करू," मी म्हणाले. घड्याळजी डायल उघडणारच होता, पाच चाकं फिरवायला त्याला पाच मिनिटं लागली नसती.

आण्णा एकदम म्हणाले, "न्हाई. मीटरला हात लावायचा न्हाई."

*

ती गोष्ट त्यांनी त्या दिवशी सांगितली. वडापची जीप त्यांची नव्हती, एका मालकाची होती. आण्णांना दिवसाचे पैसे खेपांवर मिळायचे. गाडी नवी आली त्याच महिन्यात मालकाने सांगितलं, मीटरची केबल काढून ठेव. केबल काढायला काही लागत नाही, गिअरबॉक्सपाशी एक नट सोडला की झालं. काटा शून्यावर, आकडा जागच्या जागी. आण्णांनी तो नट स्वतःच्या हाताने सोडला. गाडी काही वर्षांनी विकली तेव्हा मीटर बावीस हजार दाखवत होता. घेणारा आण्णांच्या ओळखीचा निघाला, दुसऱ्या रूटवरचाच ड्रायव्हर, कर्ज काढून गाडी घेतलेला. त्याने आण्णांना विचारलं होतं, "गाडी खरंच एवढीच चाललीय?" आण्णा म्हणाले, "मीटर बघ की." सहा महिन्यांत इंजिनचं बोरकाम निघालं.

"खोटं बोललो न्हाई," आण्णा मला म्हणाले. मग थोड्या वेळाने, "खरं बी बोललो न्हाई."

ओडोमीटर मागे फिरवण्याचा धंदा जगभर चालतो आणि त्याविरुद्ध देशोदेशी कायदे आहेत. पण मागे फिरवायला निदान काहीतरी करावं लागतं. केबल सोडून ठेवणं म्हणजे साक्षीदाराला मारायचं नाही, नुसतं झोपवायचं.

मी त्या रात्री त्यांचा खरा आकडा काढायला बसले. आण्णा कालनिर्णयच्या चौकटीत खेपांच्या रेघा मारायचे, त्यांतली चार वर्षांची कॅलेंडरं माळ्यावर सापडली. एका बाजूचं अंतर पंचवीस किलोमीटर. सरासरी दिवसाला तीन जाऊन-येऊन खेपा, म्हणजे दीडशे किलोमीटर. वर्षातले सुमारे दोनशे ऐंशी दिवस. एका वर्षाचे बेचाळीस हजार. एकोणीस वर्षांचे, सगळ्या गाड्या मिळून, जवळजवळ आठ लाख.

"आण्णा, हे चंद्रावर जाऊन परत येण्याएवढं आहे."

"येताना शीट मिळाली असती का?"

आठ लाख त्या डायलच्या खिडकीत मावतही नाहीत. पाच चाकं आहेत. नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव झाले की पुन्हा शून्य.

*

काम तीन आठवडे चाललं. यातला यंत्राचा भाग मला सांगितल्याशिवाय राहवत नाही, कंटाळा आला तर पुढचे चार परिच्छेद गाळा.

आधी डायल तपासला. १५०४चा डायल मिनिटाला १५०४ फेऱ्यांवर बरोबर साठ दाखवायला हवा. ड्रिल मशीनला तार जोडली, फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राने खात्री केली. काटा चोपन्नवर. चुंबक म्हातारा झाला होता. चुंबकाची ताकद काळाने, उन्हाने, धक्क्यांनी उतरते, आणि ओढ कमी झाली की काटा मागे राहतो. खिडकीतला आकडा मात्र अचूक पळत होता, कारण तिथे चुंबक नाही, नुसते दाते. या एका डब्यात दोन स्वभाव राहतात. दाते मोजतात, त्यांना वय नाही. काटा अंदाज करतो, आणि अंदाज म्हातारा होतो. आयुष्यभर मी डायलकडे बघत आले होते, हे मला माहीत नव्हतं.

महाद्वार रोडजवळच्या एका घड्याळजीने स्प्रिंग किंचित सोडून लांब केली. लांब स्प्रिंग मऊ पडते आणि तेवढ्याच ओढीत काटा पुढे जातो. "हेअरस्प्रिंगच आहे, फक्त दणकट," तो म्हणाला. तीन खेपांत काटा साठावर आला.

मग डबी. चौतीस आणि चौदा दात्यांची दोन चाकं कापून आणली, टर्नरने पितळेची डबी केली, केबलचे आटे डायलच्या आट्यांशी जुळेनात म्हणून दोन तुकडे वेगळे केले. लावून गाडी गल्लीत काढली. काटा हलेना. शून्याच्या खुंटीला टेकून थरथरत बसला. आकडा मात्र हळूहळू पुढे जात होता! मी केबल तपासली, तार तपासली, डायल पुन्हा काढला. शेवटी टर्नरकडचा बारावीतला पोरगा म्हणाला, "उलटं फिरतंय की."

अर्थात. दोन दातेरी चाकं एकमेकांना भिडली की दुसरं उलट फिरतं. चुंबक उलटा फिरत होता आणि काट्याला शून्याच्या खाली दाबत होता. आकड्याला फरक पडला नाही, कारण आमच्या डायलमधे आकडा एका खटक्याने पुढे ढकलला जातो आणि तो खटका तार कुठेही फिरली तरी एकाच दिशेला ढकलतो. थोडक्यात, केबल उलटी फिरवून हा मीटर मागे नेता येत नाही. बनवणाऱ्याने ते मुद्दाम केलं की ओघात झालं कोण जाणे, पण आण्णांना तो खटका फार आवडला. त्यांनी घड्याळजीला डायल पुन्हा उघडायला लावून तो बघितला. इलाज सोपा होता : दोन चाकांच्या मधे तिसरं चाक. त्याने प्रमाण बदलत नाही, फक्त दिशा सुधारते.

चाचणीला आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला गेलो. मी फोन डॅशबोर्डवर ठेवला. काटा चाळीस, फोन एक्केचाळीस. काटा साठ, फोन एकसष्ट. तुम्ही कधी नव्या गाडीत फोन आणि मीटर शेजारी ठेवून बघितलेत तर बहुधा उलट दिसेल, मीटर ऐंशी आणि फोन शहात्तर. ते बिघाडाने नाही. युरोपात आणि बऱ्याच देशांत लागू असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही, जास्त दाखवला तर एका मर्यादेपर्यंत चालतो. म्हणून कारखाने जाणूनबुजून थोडं पुढचं दाखवतात. त्या हिशेबाने आमचा काटा किलोमीटरभर नापास आहे. घड्याळजीकडे पुन्हा जायचंय.

*

काचेमागची 'एम.पी.एच.' ही अक्षरं मला अजून टोचतात. मी ती काळ्या रंगाने झाकायला निघाले होते. आण्णा म्हणाले, काचेवर काय लिहिलंय ते चालवणाऱ्याला माहीत आहे, प्रश्न उद्या घेणाऱ्याचा आहे. अक्षरं झाकलीस तर त्याला सगळा आकडा किलोमीटरचा वाटेल, नाही झाकलीस तर सगळा मैलांचा. दोन्ही चूकच. त्यांचा मुद्दा बिनतोड होता.

मग त्यांनी टर्नरकडून अंकांचे पंच आणि हातोडी मागून घेतली. डबीच्या पितळी झाकणावर, एकेक अंक ठोकत, ३८२१४ उमटवलं. त्याच्या डाव्या अंगाला 'एम', उजव्या अंगाला 'के एम', आणि खाली तारीख. 'के' जरा तिरका बसला. मी म्हणाले, हे डॅशबोर्डच्या आत जाणार, कुणाला दिसणार? ते म्हणाले, "केबल सोडायला जो हात घालंल, त्याला दिसंल."

जीप आता आठवड्यातून दोन-तीनदा निघते, बहुतेक आण्णाच नेतात. बाहेर पडताना ते आकडा बघतात आणि परत आल्यावर कालनिर्णयच्या चौकटीत लिहितात. आता रेघा नाहीत, आकडे. काल संध्याकाळी ३८,९०६ झाले. म्हणजे अडतीस हजार दोनशे चौदा मैल कुणाचे तरी, आणि सहाशे ब्याण्णव किलोमीटर आमचे.